घूंऽऽ कुठून येतोय, बॉस?

घरात हार्मोनियम असेल तर एक गंमत करून बघा. कॉम्प्युटरचे स्पीकर चालू करा, गाणं लावू नका, आवाज जरा वाढवा आणि मागे जो बारीक घूंऽऽ ऐकू येतो त्याची पट्टी शोधा. बहुतेक पांढरी पाच सापडेल. अगदी नेमकी नाही, तिच्या किंचित वर. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, आणि ५० हर्ट्झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच, थोडी चढी लागलेली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरातला घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे अडकतो. ना धड इकडे, ना तिकडे. जपानमध्ये तर टोकियोला ५० आणि ओसाकाला ६०. एकाच देशात दोन पट्ट्या!

या बाबतीत सोलापूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाच्या ग्रिडशी जुळली. तोवर दक्षिणेची वीज आपल्याच ठेक्यात चालायची. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्या स्पीकरांमधला घूं एका सुरात लागतो, आणि तो सूर जुळला सोलापूरच्या वेशीवर. सिद्धेश्वर, चादर, शेंगाचटणी यांच्या यादीत हे कुणी का घालत नाही, देव जाणे.

तर, सूर छान आहे. पण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आला की वाट लागते.

हल्ली घरोघरी मिनी स्टुडिओ असतो. कुणी पॉडकास्ट करतं, कुणी ऑनलाइन क्लास घेतं, कुणी ऑफिसातून आल्यावर कराओके गाऊन शेजाऱ्यांचा अंत बघतं. लॅपटॉप, माईक, दोन स्पीकर आणि वायरींचं भजं. सगळ्यांची तक्रार एकच: ‘मागे आवाज येतोय यार!’ त्यावर मित्रमंडळींचा फंडाही एकच: नवीन काहीतरी घे. नवी केबल घे, नवा माईक घे, नवं साउंड कार्ड घे. माझं म्हणणं, पाकीट खिशातच राहू दे. आधी कान लावा. आवाज कसा आहे हे नीट ऐकलंत तर तो कुठून येतोय हे निम्मं तिथंच कळतं.

जाड, खर्जातला, एकसुरी घूं म्हणजे विजेचा घोळ, आणि बऱ्याचदा अर्थिंगचा. त्याचाच तिखट भाऊ म्हणजे झंऽऽ, माशी बाटलीत अडकल्यासारखा. तोही विजेचाच, पण त्यात पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्तातले अॅडॅप्टर, एलईडी बल्ब यांचा मसाला मिसळलेला. एकेक बंद करत गेलात की चोर सापडतो. पावसासारखा स्स्स असेल तर वीज निर्दोष आहे. माईकचं बटण तुम्ही फार पिळलंय, इतकंच. माईक तोंडाजवळ आणा आणि बटण खाली घ्या. माउस हलवला किंवा पान सरकवलं की बदलणारी बारीक शिट्टी कॉम्प्युटरच्या पोटातून येते. यूएसबीवर डेटा ठरावीक ठोक्यांत धावतो, फुल स्पीडला सेकंदाला १,००० आणि हाय स्पीडला ८,००० ठोके. दोन्ही नेमके आपल्या कानाच्या टप्प्यात! आणि मधूनच टक्, पॉप् होत असेल तर वायरींच्या नादी लागूच नका. कॉम्प्युटर दमलाय. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर वाढवा आणि मागे उघडी असलेली सतरा टॅब बंद करा.

(मोबाइल वाजायच्या आधी स्पीकर ‘टिटिक टिटिक’ करायचा, आठवतंय? तो टूजी फोन. सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होत टॉवरशी बोलायचा आणि स्पीकरची वायर ते मुकाट्याने ऐकायची. आपली अर्धी पिढी फोन येण्याआधी ‘फोन येतोय’ असं सांगून भाव खाऊन गेली.)

ही झाली प्रस्तावना. खरी केस पुढे आहे, आणि ती भवानी पेठेतली आहे.

माझी एक मैत्रीण तिथे राहते. घरात तेलुगू, शाळेपासून मराठी, आणि पोट भरतं ते मराठीच्याच जोरावर. ती ऑडिओ बुक वाचते. आवाज असा की वीजबिल वाचून दाखवलं तरी ऐकत बसावं. वरच्या मजल्यावर तिची खोली, खाली वडिलांचा कारखाना. चार माग, टॉवेलचे. पूर्व भागात हे नवीन नाही. घोंगडे वस्तीपासून पुढे जाल त्या गल्लीत खाली खटाखट आणि वर संसार, अशी घरं पिढ्यानपिढ्या उभी आहेत.

पुण्याच्या एका स्टुडिओने तिला एक जाडजूड कादंबरी दिली होती. पहिली फाइल परत आली. शेरा होता, ‘मागे सतत घरघर आहे.’ तिने सरळ निष्कर्ष काढला की माग. कुणीही काढला असता. मग ती रात्री अकरानंतर, कारखाना बंद झाल्यावर, डोळे चोळत रेकॉर्ड करायला लागली. दुसरी फाइलही परत आली, तोच शेरा. आता तिसऱ्यांदा असं झालं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला जाणार होतं, आणि त्या पैशांवर तिचे दोन महिने मांडलेले होते.

खरं तर दुसऱ्या शेऱ्यातच मागांना क्लीन चिट मिळाली होती. माग बंद असताना आलेला आवाज मागाचा कसा असेल? पण डोक्याला शॉट लागलेला असताना हे सुचत नाही. तिने एका डीजेवाल्याला विचारलं. त्याने दोन मिनिटांत इलाज सांगितला: मिक्सरच्या प्लगमधली वरची पिन काढून टाक. तिने काढली. घूं जवळजवळ गेला. मग तिचा मला फोन आला, आणि तिचं वाक्य मी जसंच्या तसं देते:

‘घूं गेला बे, पण आता माईक चावायलाय.’

म्हणजे? वाचताना ओठ माईकच्या जाळीला लागला की मुंग्या. लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवला तरी झिणझिण्या. मी म्हटलं, बाई, आधी सगळं बंद कर. कुठल्याही वायरला हात लावू नकोस. मी येते.

यावर जरा थांबू, कारण ‘पिन काढ’ हा सल्ला सोलापुरातच नाही, जगभर दिला जातो. आणि त्याचा प्रॉब्लेम हा आहे की तो लागू पडतो. सपशेल फसला असता तर कुणी दुसऱ्यांदा ऐकला नसता.

आपल्या थ्री पिन प्लगची वरची पिन बघा. बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब. लांब अशासाठी की प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावी. ती अर्थिंगची. यंत्राच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर करंटला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी, फ्यूज उडावा किंवा ब्रेकर पडावा आणि तुम्ही वाचावं, एवढंच तिचं काम. ती काढली की यंत्र चालतं. गाणं लागतं, घूंही जातो. फक्त ज्या दिवशी आत काही बिघडेल त्या दिवशी जमिनीत जाणारी वाट तुमच्या हातातून, नाहीतर तिच्या बाबतीत, ओठातून जाईल.

ही भीती दाखवायची गोष्ट नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेला. १९७६ मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ गेला तो तर घरी गिटार वाजवत असताना. तिथेही अर्थिंगच धड नव्हतं. घर म्हणजे सेफ, असं काही नसतं. उलट स्टेजवर निदान एखादा साउंडवाला तरी असतो.

मी पोचले तेव्हा कारखान्याला सुट्टी होती. खाली इतकं शांत की बाबांनाच चैन पडत नव्हतं. चाळीस वर्षं मागाच्या खटाखटीत गेलेला माणूस, साधं ‘पाणी घेणार का’ सुद्धा गल्लीला ऐकू जाईल असं विचारतो. विणकामाच्या शेडमधला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर असतो. लँकेशायरच्या कापडगिरण्यांमध्ये बायका एकमेकींचे ओठ वाचून गप्पा मारायच्या, ते उगाच नाही.

पहिलं काम, प्लगची पिन परत जागेवर. घूंही परत आला, जोरात. येऊ दे म्हटलं, आता त्यालाच विचारू.

तिचा सेटअप साधा होता. माईक एका छोट्या मिक्सरमध्ये (हा मिक्सर एकेकाळी भजनी मंडळाचा), मिक्सरमधून दोन लाल-पांढऱ्या पिनांची केबल निघून लॅपटॉपच्या जॅकमध्ये. लॅपटॉपचा चार्जर पलंगाशेजारच्या बोर्डावर. मिक्सरसाठी जवळ सॉकेट नव्हतं म्हणून जिन्यातल्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढलेलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आवाज शोधायचा तर अख्खी साखळी एकदम तपासत बसायचं नाही. तोडायची. मिक्सर लॅपटॉपपासून वेगळा केला आणि हेडफोन थेट मिक्सरला लावला. स्वच्छ. म्हणजे माईक, माईकची केबल आणि मिक्सर तिघेही सुटले. मग लॅपटॉपला काहीही न जोडता अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड केलं. तिथेही काही नाही. दोघं वेगवेगळे शहाणे, एकत्र आले की घूं. अशी जोडपी आपण पाहिलेली असतात. दोष दोघांपैकी एकात नाही, दोघांना जोडणाऱ्या वाटेत आहे.

मग ती दहा सेकंदांची टेस्ट, जी सगळ्यांनी सगळ्यात आधी करावी. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला. लॅपटॉप बॅटरीवर. घूं गायब! कापल्यासारखा. परत लावला, परत हजर. मैत्रीण माझ्याकडे असं बघत होती जसं मी टोपीतून ससा काढलाय. पण यात जादू काही नाही. चार्जर काढल्यावर घूं गेला तर तो साउंडचा नाही, वायरिंगचा प्रश्न आहे, इतकं त्यातून पक्कं होतं. नवा माईक घेतला असता तर पैसे फुकट जाऊन घूं तिथंच राहिला असता.

खरं तर तिचं काम त्या क्षणी झालं होतं. चार्जर काढा, बॅटरीवर वाचा, फाइल पाठवा. डेडलाइन असेल तर मीही तेच सांगेन, आणि सोमवारचं प्रकरण आम्ही तसंच वाचवलं. पण माईक चावत होता त्याचं काय? पिन नव्हती म्हणून तो चावला, हे खरं. तरी ती वीज आली कुठून? मिक्सर तर ठीक होता. मग आम्ही गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं.

काका आले ते मल्टिमीटर घेऊन. (हे यंत्र काही शे रुपयांत मिळतं. पण सॉकेटमध्ये त्याच्या सुया घालायचा सराव नसेल तर ते काम ज्याचं त्यालाच करू द्या.) पलंगाशेजारच्या बोर्डावर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. उत्तम. मग फेज आणि अर्थ. इथेही २३० च्या आसपासच यायला हवं. आलं साधारण निम्मं. काकांनी मीटरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि बोर्डाचे स्क्रू खोलायला घेतले. आत हिरवी वायर होती. नीट वळवून, टोकाला टेप लावून, भिंतीच्या पोकळीत कोंबलेली. कशालाच जोडलेली नव्हती.

म्हणजे त्या खोलीला तीन भोकांची सॉकेट होती, पण अर्थिंग नव्हतंच. वरचं भोक शोभेचं.

आता सगळं जुळतं. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून अर्थच्या बाजूला दोन बारीक कपॅसिटर बसवलेले असतात, चार्जरचा स्वतःचा कचरा अर्थमध्ये सोडायला. अर्थिंग असेल तर ही किरकोळ गळती मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर लॅपटॉपचा पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधे लटकत राहतो, म्हणजे साधारण निम्म्या दाबावर. मीटर निम्मं दाखवत होतं ते यामुळेच. करंट अगदी थोडा, एक मिलिअँपिअरच्याही आतबाहेर, म्हणून झिणझिण्या येतात आणि माणूस दगावत नाही. पण त्या करंटला जमिनीत जायचंच असतं. भिंतीतून वाट नव्हती, म्हणून तो लाल-पांढऱ्या केबलच्या जाळीतून मिक्सरमध्ये, आणि तिथून जिन्यातल्या बोर्डाच्या चांगल्या अर्थिंगमध्ये जात होता. आपला आवाज ज्या जाळीच्या आधाराने जातो त्याच जाळीतून ५० हर्ट्झ चाललेले. रेकॉर्डिंगमध्ये पांढरी पाच लागली ती अशी. डीजेवाल्याच्या सांगण्यावरून मिक्सरची पिन गेली तेव्हा ही शेवटची वाटही बंद झाली. करंट वाहायचा थांबला म्हणून घूं गेला, आणि लॅपटॉप, मिक्सर, माईक सगळे मिळून निम्म्या दाबावर लटकले. पुढची वाट तिचा ओठ.

घूं हा तिचा शत्रू नव्हता. तो तक्रार करत होता, आणि तिने तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद केलं.

काकांनी हिरवी वायर ओढून काढली आणि खाली मागांच्या मोटरींसाठी केलेल्या अर्थिंगला नीट जोडली. एक मोह इथे होतो, तो त्यांनी सांगून टाळला. बरेच जण अर्थची वायर ओढायचा कंटाळा करतात आणि सॉकेटच्या आतच अर्थचा पॉइंट न्यूट्रलला जोडून टाकतात. मीटर मग झकास दिसतं. फेज ते अर्थ पूर्ण, न्यूट्रल ते अर्थ बरोबर शून्य. पण कधी न्यूट्रलची वायर तुटली तर त्या सॉकेटला लावलेल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर पूर्ण २३०. काकांच्या भाषेत, ‘एक-दोन व्होल्ट आले तर बरं वाटतं. अगदी शून्य आलं की मी बोर्ड खोलून बघतो.’ मला हा माणूस जाम आवडला.

मग ते आम्हाला खाली, कारखान्यामागे, अर्थिंगचा खड्डा दाखवायला घेऊन गेले. लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला तोंड. मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, ओल असेल तर माती करंट घेते. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा चाळिशी ओलांडून जातो, काळी माती भेगाळते, खाली मुरूम. खड्डा कोरडा ठाक पडला की कागदावर असलेलं अर्थिंग जमिनीत राहत नाही. काकांनी बादलीभर पाणी ओतलं. ते गटकन आत गेलं. दुसरी बादली. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ओता म्हणाले. प्यायला पाणी चार दिवसांनी येतं आणि खड्ड्याला बादल्या, असं बाबा पुटपुटले. तेही खरंच. पण धुण्याचं, भांड्यांचं पाणी चालतं की!

वर येऊन बघितलं तर माईक चावत नव्हता. लॅपटॉपचा पत्रा गार आणि गप्प. घूं मात्र थोडासा उरला होता, पूर्वीच्या मानाने कुजबुज. तो आता दुसऱ्या जातीचा. मिक्सर जिन्यातल्या बोर्डावर, लॅपटॉप पलंगाशेजारी. दोन्हीकडे अर्थिंग आहे, पण दोन वेगळ्या वाटांनी, आणि ऑडिओ केबल त्यांना तिसरीकडून जोडते. असा गोल तयार झाला की त्यातून थोडा करंट फिरतोच. इंजिनिअर लोक याला ग्राउंड लूप म्हणतात. इलाज फुकटातला आहे. ऑडिओचं सगळं सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा आणि तो बोर्ड एकाच सॉकेटमध्ये लावा. या यंत्रांना वीज लागते कितीशी, एक बोर्ड आरामात पुरतो. (गीझर आणि इस्त्री त्यावर नको, हे सांगायला लागू नये.) आम्ही जिन्यातलं एक्स्टेंशन गुंडाळून ठेवलं. कुजबुज संपली.

एवढं करूनही तुमच्याकडे घूं राहिला तर मग पाकीट काढायला हरकत नाही, पण नेमकी वस्तू घ्या. लाल-पांढऱ्या केबलच्या मधे बसणारा छोटा आयसोलेटर मिळतो. आत ट्रान्सफॉर्मर, आवाज पलीकडे जातो पण तारेला तार लागत नाही. अर्थिंग जागेवर राहतं आणि गोल तुटतो. पिन काढण्याचं काम हा सभ्यपणे करतो. स्पीकरला बॅलन्स्ड केबलची सोय असेल तर ती वापरा. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट पाठवतात. वाटेत दोघींना सारखाच कचरा चिकटतो आणि शेवटी वजाबाकीत तो उडतो. माउसची शिट्टी त्रास देत असेल तर यूएसबी आयसोलेटर सुचवला जातो, पण जपून. स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटवरच चालतात आणि चांगल्या ऑडिओ इंटरफेसला ४८० लागतात, म्हणजे इंटरफेस ओळखलाच जाणार नाही. आधी पोर्ट बदलून बघा. आणि विजेचा कचरा गाळणारे महागडे डबे विकायला कुणी आलं, तर त्याला आधी अर्थिंग विचारा. अर्थिंगच नसलेल्या घरात तो डबा पेपरवेट म्हणून चांगला.

राहिले माग. त्यांचा आवाज वायरीतून येतच नव्हता, हवेतून आणि भिंतीतून येतो, त्यामुळे त्याला अर्थिंग वगैरे काही लागू नाही. मैत्रिणीने खोलीच्या दोन भिंतींवर सोलापुरी चादरी टांगल्या होत्या. ज्या मागाने छळायचं, त्याच मागाच्या कापडाने अडवायचं, कल्पना फर्स्ट क्लास. चादरीचा उपयोग झालाही. खोलीत आवाज घुमायचा थांबला आणि वाचन एकदम जवळचं वाटायला लागलं. पण खालची खटाखट जशीच्या तशी. चादर खोलीतला आवाज पिते, बाहेरचा अडवत नाही. अडवायला वजन लागतं, वीट लागते, फट नसलेलं दार लागतं. तिच्या दाराखाली बोटभर फट होती, तिथे जुन्या टॉवेलची गुंडाळी बसवली. त्याने चार चादरींपेक्षा जास्त फरक पडला. आणि माईक ओठांपासून वीतभर होता तो चार बोटांवर आणला. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, माग आहे तिथेच राहतो. आता ओठ टेकला तरी भीती नव्हती.

तरीही माग चालू असताना ती वाचू शकत नाही. वाचूही नये. बाबांशी तिचा तह झालाय. सकाळी सहा ते आठ तिचे, आठनंतर त्यांचे. प्रत्येक बैठकीआधी ती अर्धा मिनिट काही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करते. त्या शांततेत काही ऐकू आलं तर वाचायला बसायच्या आधीच कळतं. तिसरी फाइल पास झाली, पुस्तक तिच्याकडेच राहिलं.

वायरमन काका मात्र त्या दिवशी लगेच गेले नाहीत. एका बोर्डात हिरवी वायर कोंबलेली सापडली म्हटल्यावर त्यांना बाकीचे बोर्ड स्वस्थ बसू देईनात. घरभर अकरा सॉकेट निघाली, त्यातल्या चारांना अर्थिंग नव्हतं. एकावर वॉशिंग मशीन, मोरीत. तिथे काकू रोज ओल्या पायाने उभ्या असतात, आणि त्या म्हणाल्या की हो, मशीनला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात, मला वाटलं थंडीच्या असतील.

मशीनची वायर जोडून झाली, चहा झाला. काका निघाले तेव्हा बाबांनी नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, ‘खालच्या मोटरी पण बघून घेता का?’ काकांनी मीटर परत खिशातून काढला आणि जिना उतरायला लागले.